सातवीनंतर कोणतं हायस्कूल? तालुक्यातल्या शाळांची तुलना कशी करावी



मे महिना संपत आला की आमच्या शाळेत दाखला न्यायला पालक येतात. आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. त्यामुळे दरवर्षी एक वर्ग आमच्या हातातून सुटतो. दाखल्यावर सही होईपर्यंत पालक बाकावर टेकतात आणि हमखास एक प्रश्न विचारतात, "बाई, आता याला कुठं टाकू?"

पूर्वी मी पटकन उत्तर द्यायचे. ज्या शाळेचा निकाल चांगला, ती शाळा. आता तसं करत नाही. का करत नाही, आणि त्याऐवजी काय बघायला सांगते, ते या लेखात लिहिते आहे. उदाहरणं आमच्या बीड जिल्ह्याकडची आहेत, पण पद्धत कोणत्याही तालुक्याला लागू पडेल.

आधी शाळा ओळखा

ग्रामीण तालुक्यात आठवी ते दहावीच्या शाळा साधारण चार प्रकारच्या असतात.

१) जिल्हा परिषदेची प्रशाला. मराठवाड्यात या जास्त दिसतात, कारण निजामाच्या राज्यातल्या सरकारी शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या. पश्चिम महाराष्ट्रात त्या मानाने खाजगी संस्थांची विद्यालयं जास्त.

२) खाजगी अनुदानित विद्यालय. संस्था खाजगी, पण शिक्षकांचा पगार शासन देतं.

३) विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळा. खर्च फीमधून चालतो. काही शाळा अंशतः अनुदानितही असतात.

४) निवासी शाळा. आश्रमशाळा, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, नवोदय विद्यालय वगैरे. नवोदयचा मुख्य प्रवेश सहावीला असतो, त्यामुळे सातवीनंतर तो विचार करायला उशीर झालेला असतो.

या लेखात मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांबद्दल बोलू, कारण गावाकडची बहुतेक मुलं तिथंच जातात. या दोन्ही शाळा सरकारी पैशावर चालतात. म्हणजे आपल्याच पैशावर. तेव्हा तिथं जाऊन चार प्रश्न विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

फ्लेक्सवरचे १०० टक्के

जूनमध्ये तालुक्याच्या चौकात फ्लेक्स लागतात. "दहावीचा निकाल १०० टक्के, उज्ज्वल यशाची परंपरा कायम." पालक तिथंच ठरवून टाकतात.

निकालाची टक्केवारी म्हणजे नेमकं काय? परीक्षेला बसलेल्या मुलांपैकी किती पास झाली, तेवढंच. जी मुलं परीक्षेपर्यंत पोहोचलीच नाहीत, ती या आकड्यात कुठंच नसतात.

आपण एक गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

'अ' शाळा: आठवीत ४० मुलं होती. दोन वर्षांनी दहावीला २४ बसली. २४ पास. निकाल १०० टक्के.

'ब' शाळा: आठवीत ५० मुलं होती. दहावीला ४८ बसली. ४२ पास. निकाल ८७.५० टक्के.

फ्लेक्स कुणाचा लागेल? 'अ' शाळेचा. आता दुसऱ्या पद्धतीने बघा. आठवीत आलेल्या मुलांपैकी दहावी पास होऊन किती बाहेर पडली?

'अ' शाळा: ४० पैकी २४, म्हणजे ६० टक्के.

'ब' शाळा: ५० पैकी ४२, म्हणजे ८४ टक्के.

तुमचं मूल आज आठवीच्या दारात उभं आहे. तुमच्यासाठी खरा निकाल हा दुसरा आहे. 'अ' शाळेत शंभरातली चाळीस मुलं वाटेतच गळली, आणि त्यांचा फोटो कुठल्याच फ्लेक्सवर नाही.

मुलं गळतात कुठे?

बहुतेक वेळा नववीत. त्याला कारण आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही. नववीपासून हे कवच संपतं. मग कच्च्या मुलाला नववीत नापास करणं किंवा "याला १७ नंबरचा फॉर्म भरू द्या" असं पालकांना सुचवणं सोपं होतं. १७ नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून परीक्षेला बसणं. ज्यांची शाळा खरंच सुटली आहे त्यांच्यासाठी ही सोय फार चांगली आहे. कामधंदा करून दहावी होणाऱ्यांना तिचा मोठा आधार आहे. पण वर्गात रोज बसणाऱ्या मुलाला या वाटेने बाहेर काढलं, की शाळेच्या निकालातून ते मूल गायब होतं.

याचा एक अनुभव सांगते. माझी एक विद्यार्थिनी होती. अक्षर सुंदर, वाचन उत्तम, गणितात मात्र कच्ची. आईवडील ऊसतोडीला जायचे. तिच्या वडिलांना मीच एका शाळेचं नाव सुचवलं होतं. शाळेचं नाव इथे लिहीत नाही. मीसुद्धा फ्लेक्सच बघितला होता. नववीत ती गणितात राहिली. बाहेरून बसवा, असं घरी सांगण्यात आलं. घरच्यांना त्यातलं काही कळलं नाही, फॉर्म भरायचा राहिला, आणि पुढच्या हंगामात पोरगी आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेली. नंतर एकदा आठवडी बाजारात भेटली. म्हणाली, "बाई, नापास झाले असते तरी चाललं असतं. निदान पेपरला तरी बसू द्यायचं होतं."

तेव्हापासून मी कोणत्याही शाळेचं नाव निकाल बघून सांगत नाही.

टक्केवारी दरवर्षी सारखी मोजली जात नाही

दुसरी गोष्ट. निकालाचा आकडा परीक्षेच्या पद्धतीप्रमाणेही वरखाली होतो. राज्याचा दहावीचा निकाल बघा. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१० टक्के, २०२० मध्ये ९५.३० टक्के. एका वर्षात राज्यातली मुलं एवढी कच्ची झाली आणि पुढच्या वर्षी लगेच हुशार झाली का? तसं नाही. २०१९ ला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे, शाळेच्या हातातले गुण काढले होते. २०२० ला ते परत आले, शिवाय लॉकडाउनमुळे भूगोलाचा पेपर झाला नाही आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ ला तर लेखी परीक्षाच झाली नाही, आणि निकाल लागला ९९.९५ टक्के.

म्हणून एखादी शाळा "आमचा निकाल वाढला" म्हणाली तर त्या वर्षी तालुक्याचा आणि राज्याचा निकाल किती वाढला, तेही विचारा. २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. राज्यच चौऱ्याण्णववर असेल तर शाळेच्या पंच्याण्णवचं फार कौतुक नको, आणि एकदा नव्वद आला म्हणून नाक मुरडायलाही नको. पंचवीस-तीस मुलांच्या शाळेत एक मूल नापास झालं तरी निकाल तीन-चार टक्क्यांनी खाली येतो. एका वर्षावर जाऊ नका, तीन वर्षांचे आकडे बघा.

खरा आकडा कसा काढायचा?

प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. पुढचे अंक जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा सांगतात. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचं माहितीपत्रक मोबाईलवर बघता येतं. त्यात इयत्तेप्रमाणे मुलामुलींची संख्या, शिक्षक संख्या, स्वच्छतागृह, वीज, प्रयोगशाळा ही माहिती असते.

करायचं एवढंच. एका वर्षाची आठवीची संख्या लिहा, पुढच्या वर्षीची नववीची, त्याच्या पुढच्या वर्षीची दहावीची. हा एकाच तुकडीचा प्रवास झाला. शेवटी शाळेतून पास झालेल्यांची संख्या विचारून घ्या. मुलींचे आकडे वेगळे काढा. मुलींची संख्या मुलांपेक्षा वेगाने कमी होत असेल तर ती शाळा, तिचा रस्ता किंवा तिथलं वातावरण मुलींना परवडणारं नाही असं समजा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही माहिती शाळेनेच भरलेली असते, तेव्हा स्वतः जाऊन खात्री करा. दुसरं, संख्या कमी झाली म्हणजे सगळी मुलं गळाली असं नाही. काही दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेली असतात, काही नववीत बाहेरून आलेलीही असतात. म्हणून मुख्याध्यापकांना सरळ विचारा, "सर, आठवीत इतकी होती, दहावीला इतकी कशी?" चांगला मुख्याध्यापक नावानिशी सांगतो, हा पुण्याला गेला, हिचं कुटुंब गाव सोडून गेलं, या दोघांना आम्ही परत आणलं. ज्याला सांगता येत नाही त्याने ती मुलं मोजलेलीच नसतात.

गणित, विज्ञान, इंग्रजीला शिक्षक आहे का?

इमारत नंतर बघा, आधी शिक्षक बघा. गावाकडच्या हायस्कूलमध्ये सर्वात मोठी अडचण रिक्त पदांची असते. शाळेत किती शिक्षक मंजूर होणार हे पटावर ठरतं. पट कमी झाला की पद जातं, पद गेलं की विषय जातो. मग इतिहासाच्या सरांवर बीजगणित शिकवायची वेळ येते. त्यात सरांचा दोष नसतो, पण नुकसान मुलांचं होतं.

म्हणून शाळेत गेल्यावर "किती शिक्षक आहेत?" असं मोघम विचारू नका. असं विचारा:

• नववी-दहावीला गणित कोण शिकवतं? त्यांचा पदवीचा विषय कोणता?

• विज्ञानाला स्वतंत्र शिक्षक आहे का? प्रयोग मुलं स्वतः करतात की फक्त वही पूर्ण करतात?

• इंग्रजीचे शिक्षक किती वर्षांपासून आहेत? येत्या वर्षभरात कुणी निवृत्त होणार आहे का?

सेमी इंग्रजीचंही विचारा. आपलं मूल सातवीपर्यंत मराठीतून गणित शिकलं असेल आणि आठवीत एकदम इंग्रजीतून सुरू झालं, तर पहिले सहा महिने जड जातात. शाळा त्यासाठी वेगळा वेळ देते का? देत नसेल आणि मराठी तुकडी असेल, तर मराठी तुकडीत घालायला कमीपणा मानू नका.

अंतर किलोमीटरमध्ये नाही, वेळेत मोजा

सात किलोमीटर म्हणजे जवळ वाटतं. पण सकाळी एकच एसटी आणि संध्याकाळची गाडी शाळा सुटायच्या आधीच निघत असेल, तर ते सात किलोमीटर फार लांब आहेत. शेवटची तासिका रोज बुडते, आणि ती बरेचदा गणिताची निघते.

मुलींच्या बाबतीत तर शाळा सुटण्याचं कारण पुष्कळदा रस्ता हेच असतं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, एखाद्या टवाळ पोराने वाटेत त्रास दिला, की घरातून आवाज येतो, "बस झाली शाळा." अभ्यासात हुशार असो की नसो, तिथंच संपतं.

यासाठी काही सोयी आहेत, त्या माहीत करून घ्या. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. मुलांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी एसटीच्या खास गाड्या धावतात. याच कार्यक्रमात शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. आपला तालुका त्यात आहे का, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कळेल.

गाडीची वेळ जुळत नसेल तर चार गावच्या पालकांनी मिळून मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगारात जावं. एकट्याने गेलं तर ऐकून घेतात, दहा जण गेले तर विचार करतात.

फी दिसते, पण गमावलेलं दिसत नाही

"थोडी फी भरू, पण इंग्रजी शाळेत घालू" असं म्हणणाऱ्या पालकांसाठी हा भाग आहे. निर्णय तुमचा, पण पूर्ण हिशोब बघून घ्या.

शासकीय आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत आणि दुपारचा पोषण आहार मिळतो. नववीपासून दोन्ही थांबतात, म्हणून नववीच्या खर्चाची तजवीज आधीच करा. मुलींचं शिक्षण बारावीपर्यंत मोफत आहे.

आता महत्त्वाचं. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये मुलाच्या खात्यावर येतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ठराविक गुण हवेत. पण ही परीक्षा फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेतलं मूल तिला बसू शकत नाही. निवासी नवोदयचंही तसंच. हुशार पण गरीब मुलाला आठवीत विनाअनुदानित शाळेत घातलं की ही वाट बंद होते. शाळा निवडताना म्हणून विचारा, "गेल्या तीन वर्षांत एनएमएमएसला किती मुलं बसली आणि किती निवडली गेली?" शाळा आठवीच्या मुलांवर किती मेहनत घेते, हे या एका उत्तरातून कळतं.

आणखी एक. आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा किंवा देणगी घेणं शिक्षण हक्क कायद्यात मना आहे. कुणी घेत असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते.

कारखान्याला जाणाऱ्या घरांसाठी

दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत गावं रिकामी होतात. नेमके हेच महिने दहावीच्या अभ्यासाचे. अशा घरांसाठी शाळेपेक्षा एक प्रश्न मोठा आहे. मूल राहणार कुठे?

आजी-आजोबा असतील तर ठीक. नसतील तर शाळेच्या गावात वसतिगृह आहे का ते आधी बघा, मग शाळा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत, समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. अर्ज जूनमध्येच करायचा असतो. दसऱ्याला धावपळ करून जागा मिळत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी करताना शाळेइतकाच जोर वसतिगृहावर का दिला, हे आमच्या भागात राहिलं की लगेच समजतं.

एक दिवस शाळेत जा

दोन-तीन शाळा ठरवल्या की शाळा सुरू असताना एकदा प्रत्यक्ष जा. स्वातंत्र्यदिनाला जाऊ नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात. साध्या मंगळवारी किंवा बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा. दुपारनंतर वर्गात शिक्षक आहेत का, मुलं आहेत का, हे बघा. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि आतून कडी आहे का, हे आईने स्वतः बघावं. ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप आहे की पुस्तकं मुलांच्या हातात आहेत, ते बघा. आणि फाटकाबाहेर पडताना नववीतल्या दोन मुलांना विचारा, "गणित समजलं नाही तर कुणाला विचारता?" मुलं खरं सांगतात.

मग घरी येऊन कागदावर प्रत्येक शाळेपुढे हे लिहा:

१) आठवीतल्या किती मुलांपैकी किती दहावी पास झाली? मुली किती?

२) गणित, विज्ञान, इंग्रजीचे शिक्षक आहेत की जागा रिकाम्या?

३) घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत किती तास? शेवटची गाडी किती वाजता?

४) एनएमएमएस, चित्रकलेच्या परीक्षा, खेळ यात मुलं दिसतात का?

५) वर्षाचा एकूण खर्च, आणि कोणत्या सवलती मिळणार किंवा जाणार?

६) राहण्याची सोय लागणार असेल तर आहे का?

पहिल्या तीन प्रश्नांना जास्त वजन द्या. बाकी उन्नीस-बीस असेल तर जवळची शाळा निवडा.

शेवटी, माझ्या शिक्षक मित्रांना

असर संस्थेच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत देशभरात १४ वर्षांची ३.९ टक्के मुलं शाळेबाहेर होती आणि १८ वर्षांची ३२.६ टक्के. म्हणजे आपण दाखला देतो तेव्हा जवळजवळ सगळी मुलं शाळेत असतात, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत तिघांतलं एक बाहेर पडतं. आपली जबाबदारी सातवीला संपते असं कागदावर आहे. पण आपल्याला ती मुलं नावाने माहीत आहेत, आणि पालक विश्वासाने आपल्यालाच विचारतात.

मी आता एक साधी वही ठेवली आहे. सातवीतून गेलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, पुढची शाळा, आणि दरवर्षी जूनमध्ये एक खूण, अजून शाळेत आहे की नाही. खूण राहिली की घरी फोन करते. वहीत एका पानावर त्या मुलीचंही नाव आहे. यंदा तिचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा आहे. कागदपत्रं गोळा झाली आहेत, गणिताला रोज संध्याकाळी बसायचं ठरलं आहे.

तुमच्या शाळेतही अशी एक वही करून बघा. आणि पालकहो, यंदा दाखला न्यायला याल तेव्हा घाई करू नका. थोडा वेळ काढून या, आपण बसून कागदावर लिहू.